पानाच्या पोटात

26 जून 2024, कुरुळी

दुपारी पावसाने उघडीप दिली तशी देवळामागच्या कडुनिंबाची पानं काढून आणली. निवडायला मुद्दाम वेळ घेतला. ठिपका नको, कीड नको, वाळलेली कडा नको. रोगट पानात बुरशी सापडली तर त्यात नवल नाही. आम्हाला हवी आहे ती धडधाकट, हिरव्यागार पानात गुपचूप राहणारी बुरशी. पानं कागदी पाकिटात भरली आणि वर झाडाचं नाव, तारीख, फांदीची दिशा लिहिली. प्लॅस्टिकच्या पिशवीत पानांना घाम फुटतो आणि वरवरची बुरशी माजते, म्हणून कागदच.

पानांना हात लावला की बोटं काळी होतात. नाशिक रस्ता हाकेच्या अंतरावर, आणि चाकणच्या एमआयडीसीकडे जाणारे कंटेनर रात्रीसुद्धा थांबत नाहीत. एका विद्यार्थिनीने विचारलं, “मॅडम, एवढ्या काजळीत पानात कोण जगणार?” प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच इथली पानं घ्यायची. अशा कामाला सगळे महाबळेश्वर-आंबोलीला जातात. कारखान्यांच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या कडुनिंबाकडे कुणी बघत नाही.

वनस्पतीच्या आत राहणाऱ्या जीवांना एंडोफाइट हे नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी 1866 मध्ये दिलं. आपण अंतर्वासी म्हणू. त्यानंतर जी जी झाडं तपासली गेली, त्यातल्या जवळपास प्रत्येकात हे रहिवासी निघालेच. गवतात, आंब्यात, भातात, वाळवंटातल्या काटेरी झुडपांतसुद्धा.

27 जून

दिवसभर प्रयोगशाळेत. पानं आधी नळाखाली धुतली, काजळी जाईपर्यंत. मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये मिनिटभर, त्यानंतर सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे कपड्यांच्या ब्लीचमध्ये असतं त्याच रसायनात, तीनेक मिनिटं. पुन्हा क्षणभर अल्कोहोल, आणि शेवटी निर्जंतुक पाण्याने दोन-तीनदा विसळणं. सगळी कसोटी या वेळेत आहे. कमी ठेवलं तर पानावर बसलेली वाटसरू बुरशी उरते. जास्त ठेवलं तर रसायन आत मुरतं आणि ज्यांना शोधायचं तेच मरतात. कडुनिंबाचं पान पातळ, वडाचं जाड आणि चिवट, त्यामुळे प्रत्येक झाडाची वेळ वेगळी बसवावी लागते.

वरचं सगळं खरंच गेलं का, याची एक साधी परीक्षा आहे आणि मला ती फार आवडते. धुतलेलं पान आगरच्या प्लेटवर अलगद दाबायचं, त्याचा ठसा उमटू द्यायचा आणि पान उचलून घ्यायचं. त्या ठशावर पुढे काहीच उगवलं नाही, तर कापलेल्या तुकड्यांतून जे बाहेर येईल ते पानाच्या आतलंच. ही ठशाची प्लेट न ठेवता केलेल्या कामावर माझा विश्वास बसत नाही.

तुकडे अर्धा सेंटिमीटरचे केले. माध्यम नेहमीचंच, उकडलेल्या बटाट्याचं पाणी, डेक्स्ट्रोज आणि आगर. जिवाणूंनी प्लेट बळकावू नये म्हणून त्यात क्लोरॅम्फेनिकॉल घातलं. हे औषधही मुळात मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस या सूक्ष्मजीवाकडून 1947 मध्ये मिळालं होतं. एका सूक्ष्मजीवाचं हत्यार हातात घेऊन आपण दुसऱ्याच्या शोधात निघतो.

1 जुलै

ठशाच्या प्लेट स्वच्छ आहेत.

तुकड्यांच्या प्लेट सकाळी उजेडासमोर धरल्या. एका तुकड्याच्या कापलेल्या कडेतून, बरोबर मधल्या शिरेच्या टोकाशी, पांढरे तंतू बाहेर आले आहेत. स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बराच वेळ बघितलं. तंतू इतके बारीक की भिंग थोडं हललं तरी नाहीसे व्हावेत. पृष्ठभागावरून एकही उगवलेला नाही, सगळे कापलेल्या तोंडातून. काही आगरला चिकटून सरळ पुढे सरकले आहेत, काहींनी मान वर करून हवेत उठाव घेतला आहे. टोकांवर पाण्याचे थेंब आहेत, आणि एका थेंबाला फिकट पिवळी झाक आहे. त्या पिवळ्या झाकेपाशी मी थांबले. बुरशी काहीतरी बाहेर टाकते आहे.

मुलांना एकेक करून दाखवलं. वर्गात पन्नास वेळा शिकवूनही जे डोक्यात शिरत नाही ते असं दोन मिनिटांत शिरतं. पान ही एकट्या झाडाची मालमत्ता नाही.

6 जुलै

प्लेट भरल्या. बहुतेक ओळखीचे आहेत. काळपट-हिरवी अल्टरनेरिया, मखमली क्लॅडोस्पोरियम, आधी पांढरी राहून मग काळे बीजाणू धरणारी नायग्रोस्पोरा, गुलाबी छटेची फ्युझारियम. दोन-तीन वसाहती नुसत्याच तंतूंच्या, बीजाणूच धरत नाहीत. त्यांना आम्ही तात्पुरतं ‘निर्बीज’ म्हणतो. नाव नसलेल्यांकडे माझं लक्ष जास्त आहे.

ही सगळी मंडळी पानात आली कुठून? काही गवतांत ती बियाण्यातून, आईकडून लेकीकडे जावी तशी जातात. झाडांच्या पानांत मात्र बहुतेक बुरशी बाहेरून येते. बीजाणू हवेतून पडतात, पावसाच्या थेंबातून पानावर येतात, ओल मिळाली की अंकुरतात आणि पर्णरंध्रातून किंवा वरचं मेणचट कवच भेदून आत शिरतात. त्यामुळे कोवळं पान जवळजवळ रिकामं असतं आणि जून होत जातं तसं भरत जातं. पनामाच्या जंगलात एलिझाबेथ अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दोन जातींच्या झाडांची 83 पानं तपासली. त्यात बुरशीचे अंदाजे 347 वेगळे प्रकार निघाले. फक्त 83 पानांत!

याच गटाने 2003 मध्ये कोकोच्या रोपांवर केलेला प्रयोग तर प्रत्येक शेतकऱ्याला सांगावा असा आहे. रोपं अशी वाढवली की पानं कोरडी राहावीत आणि त्यांत बुरशी शिरू नये. मग काही पानांत मुद्दाम अंतर्वासी बुरशी सोडली आणि सगळ्यांवर फायटोप्थोरा हा जबर रोग घातला. ज्यांत वस्ती होती ती पानं कमी गळाली आणि कमी करपली. वस्ती नसलेल्या पानांचं जास्त नुकसान झालं. फायदा त्या त्या पानापुरता होता, आणि जून पानांत अधिक होता.

औषधाचा विचार मला इथून सुरू करावासा वाटतो. नखाएवढ्या जागेत इतक्या जणांनी राहायचं, साखर मोजकी, आणि झाडाला फार दुखावलं तर ते पानच गाळून टाकणार. अशा गर्दीत शेजाऱ्याला हटवणारं रसायन ज्याच्याकडे आहे तो टिकतो. माणसासाठी कुणी काही बनवत नाही. आपल्या उपयोगाची रसायनं त्यांच्या जागेच्या भांडणातून आलेली आहेत.

9 जुलै

वरच्या खोलीत राहणारा परभणीचा मुलगा संध्याकाळी दारात आला. पुढे बोलेना. शेवटी म्हणाला, “ताई, तुम्ही बुरशीचं शिकवता ना? मग हे बघा.” मांडीच्या वरच्या बाजूला आणि कमरेला नायटा, कडा लाल, मधेच बरा झाल्यासारखा. बारा तासांची पाळी, जाड कापडाचा गणवेश, पत्र्याच्या शेडमधला घाम, आणि एका खोलीत सहा जण, एकाच दोरीवर कपडे. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब दाखवली. त्यात बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि वर स्टिरॉइड. लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून तो लावत राहतो. स्टिरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबतं आणि नायटा खालून पसरत जातो.

त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला सांगितलं. ट्यूब बंद, टॉवेल वेगळा, कपडे उन्हात. पण मी हे मनापासून लिहून ठेवते आहे, कारण तो एकटा नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर असा हटवादी नायटा पसरला आहे. त्यामागच्या बुरशीच्या एका प्रकाराला 2020 मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालं, म्हणजे नावातच आपला देश आला. टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध तिच्या अनेक वाणांवर चालत नाही, कारण औषध जिथे बसतं त्या एन्झाइमच्या जनुकातच बदल झालेला आहे.

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे 2019 या एका वर्षात जगभर थेट 12 लाख 70 हजार माणसं दगावली, असा अंदाज लॅन्सेटमध्ये आला होता. तो आकडा वर्गात सांगितला की मुलं वहीत उतरवून घेतात. आज दारात उभ्या असलेल्या पोराच्या चेहऱ्यावरची शरम बघितल्यावर त्या आकड्याकडे माझं मन वेगळ्या तऱ्हेने गेलं. बुरशीवरची औषधं तर जिवाणूंवरच्या औषधांपेक्षाही मोजकी. बुरशीची पेशी आपल्या पेशीच्या जवळची असल्यामुळे तिला मारणारं बरंचसं आपल्यालाही बाधतं.

17 जुलै, आषाढी एकादशी

सुट्टी. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी काल-परवाच पंढरपूरच्या वेशीत पोहोचली असणार. आमच्याकडे सकाळपासून साबुदाणा आणि टीव्हीवर वाखरीची गर्दी.

दुपारी हमायसिनबद्दल वाचत बसले. ही गोष्ट पिंपरी-चिंचवडमधल्या प्रत्येक शाळेत शिकवायला हवी. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही देशातली पहिली सरकारी औषध कंपनी उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने. 1955 मध्ये तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागलं. तेव्हा हा सगळा पट्टा शेतांचा आणि माळाचा होता. एच. ए. कॉलनी हे नाव आजही बसच्या पाटीवर आहे, पण ते कशावरून पडलं हे माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ठाऊक नव्हतं.

त्या कंपनीत नुसतं उत्पादन नव्हतं, संशोधनही होतं, आणि त्याचे प्रमुख होते म्हैसूरकडचे बुरशीशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार. मुळात ते झाडांवरच्या तांबेऱ्याचे आणि काणीचे अभ्यासक. वनस्पतिरोगाचा माणूस औषधाकडे वळला, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी एका स्ट्रेप्टोमायसिसला ‘पिंपरिना’ असं जातिनाम दिलं, आणि त्याच्यापासून 1961 च्या सुमारास हमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक पुढे आलं. औषधाच्या नावातला ‘ह’ हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा. तोंडातल्या आणि त्वचेवरच्या कँडिडासारख्या संसर्गांवर ते वापरलं गेलं. तिथलंच ऑरिओफंगिन पिकांवरच्या बुरशीसाठी फवारलं जायचं. एकाच छताखाली माणसाचं आणि पिकाचं औषध.

स्ट्रेप्टोमायसिस ही बुरशी नव्हे. ते तंतू धरणारे जिवाणू, आणि त्यांचं घर माती. आमचा शोध पानातला आहे. पण या पट्ट्यात, नाशिक रस्ता आणि पवना-इंद्रायणीच्या मधल्या जमिनीत, सूक्ष्मजीवाकडून औषध मिळवण्याची परंपरा पासष्ट-सत्तर वर्षांची आहे, आणि आमचं छोटंसं काम त्याच वाटेवरचं आहे, असं मी मानते.

22 जुलै

झोन आला!

निर्बीज वसाहतींपैकी एक, जिचं आम्ही ‘क-7’ असं नाव ठेवलंय, ती द्रव माध्यमात वाढवली होती. द्रव गाळून इथिल ॲसिटेटमध्ये अर्क काढला, कागदाच्या चकतीवर टाकून वाळवला आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस पसरलेल्या प्लेटवर ठेवला. आज सकाळी चकतीभोवती गोल, काचेसारखं स्वच्छ रिंगण, म्हणजेच झोन, जिथे जिवाणू वाढलेच नाहीत. शेजारी नुसत्या इथिल ॲसिटेटची चकती होती, तिच्याभोवती काहीच नाही. म्हणजे मारणारं जे आहे ते बुरशीने बनवलेलं आहे, आमच्या द्रावकाचं ते काम नव्हे.

ई. कोलायच्या प्लेटवर मात्र चकतीला चिकटून जिवाणू सुखाने वाढलेले. हे नेहमीचं आहे. ई. कोलायच्या गटातल्या जिवाणूंना एक जास्तीचं बाहेरचं आवरण असतं, त्यातून फार थोडी रसायनं आत जातात. आणि जी जातात त्यांना बाहेर फेकणारे पंप असतात. जगाला आज सर्वांत जास्त गरज आहे ती याच गटावर चालणाऱ्या नव्या औषधांची.

मुलं नाचली. मीही आवरलं नाही.

28 जुलै

आता थंड डोक्याने लिहिते, कारण मुलांनी घरी आणि व्हॉट्सॲपवर ‘कडुनिंबाच्या बुरशीपासून नवीन अँटिबायोटिक’ असं सांगायला सुरुवात केली आहे. त्यांना बसवून दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली टॅक्सॉलची. अमेरिकेत मोंटाना इथे गॅरी स्ट्रोबेल आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये सायन्स या नियतकालिकात लिहिलं की पॅसिफिक यू या झाडातल्या टॅक्सोमायसिस नावाच्या बुरशीत त्याच झाडाचं कर्करोगावरचं औषध टॅक्सॉल सापडतं. जगभर धावपळ झाली. झाडं तोडायला नकोत, बुरशी टाकीत वाढवू! आपल्या सह्याद्रीत नरक्याची झाडं कॅम्प्टोथेसिन या औषधी रसायनासाठी उभीच्या उभी तोडली जात होती, तिथेही ही आशा लागली. 2005 मध्ये जम्मूच्या प्रयोगशाळेने नरक्यातल्या एका अंतर्वासी बुरशीत कॅम्प्टोथेसिन दाखवलं. पण टाकीतून मिळणारं प्रमाण नेहमी अत्यल्प राहिलं आणि बुरशी पुन्हा पुन्हा वाढवत गेलं की तेही घटत गेलं. 2013 मध्ये टॅक्सोमायसिसची जनुकं वाचणाऱ्यांना टॅक्सॉल बनवणारा जनुकसंच तिच्यात आढळलाच नाही. तीस वर्षं होऊन गेली, आणि रुग्णाला मिळणारं टॅक्सॉल अजून त्या बुरशीपासून येत नाही.

दुसरी गोष्ट एन्फुमाफंगिनची. स्पेनमधल्या ज्युनिपर झुडपाच्या जिवंत पानांतून हॉर्मोनेमा नावाची बुरशी मिळाली. तिच्यातलं हे रसायन 2000 मध्ये जाहीर झालं. बुरशीची पेशीभित्ती ज्या ग्लुकानची असते, ते विणणाऱ्या एन्झाइमलाच ते अडवतं. आपल्या पेशीला भिंत नाही, म्हणून आपल्याला धोका कमी. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूत फेरफार केले, तो पोटातून घेता येईल असा केला, आणि जून 2021 मध्ये इब्रेक्साफंगर्प या नावाने स्त्रियांच्या योनीमार्गातल्या कँडिडा संसर्गासाठी अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. पानातल्या बुरशीपासून औषधाच्या गोळीपर्यंत एकवीस वर्षं.

मुलांना म्हटलं, आपलं रिंगण ही त्या एकवीस वर्षांतली पहिली सकाळ आहे. हे रसायन जुनंच, पुस्तकात असलेलं निघू शकतं. बहुतेक वेळा तसंच निघतं. माणसाच्या पेशीला विषारी असू शकतं. आणि ‘कडुनिंबाने बरं होतं’ या घरगुती श्रद्धेशी आपल्या प्लेटची गाठ कुणी मारू नये. झाडाचं रसायन वेगळं आणि त्यातल्या बिऱ्हाडकरूंचं वेगळं. बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी स्ट्रोबेल यांच्यासोबत 2009 मध्ये कडुनिंबाच्या मुळातल्या क्लोरिडियम बुरशीतून जावानिसिन वेगळं केलं, आणि ते स्यूडोमोनास जिवाणूंवर चाललं. तेव्हा त्यांना त्या रेणूची रचना अणू-अणू जोडून दाखवावी लागली होती. आपल्याला तिथवर जायचं आहे.

एका मुलीने हळूच विचारलं, “म्हणजे मॅडम, हे कदाचित काहीच नसेल?” म्हटलं, औषध म्हणून नसेलही. पण या बुरशीला हे करता येतं ही गोष्ट काल कुणाला माहीत नव्हती आणि आज आपल्याला माहीत आहे.

5 ऑगस्ट

श्रावण लागला. गावातले शेतकरी तात्या, त्यांच्या वावरात खरीप कांद्याची रोपं टाकली आहेत, तिकडे गेले होते. तात्या रोपांत उकिडवे बसून शेंडे बघत होते. “ताई, करपा आला बघा. गेल्या साली तीन फवारण्या मारल्या तरी आला.” पातीवर लांबट डाग, मधे तपकिरी, कडेला जांभळट. अल्टरनेरिया. प्लेटमधल्या आमच्या कडुनिंबाच्या अल्टरनेरियाचीच चुलत बहीण. एके जागी निरुपद्रवी बिऱ्हाड, दुसऱ्या जागी रोग. कधी कधी तर तीच बुरशी झाड ताणाखाली आलं की शांतता मोडते.

तात्यांना ट्रायकोडर्मा ठाऊक आहे, शेणखतात मिसळून टाकतात. त्यांना राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयातल्या कामाबद्दल सांगितलं, इथून चाकण ओलांडलं की पुढे तेच. थरच्या वाळवंटातल्या झुडपांच्या मुळांत सापडलेली पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका ही अंतर्वासी बुरशी तिथल्या संशोधकांनी कांद्याच्या मुळांत वसवली आणि पातीवरच्या स्टेम्फिलियम करप्याला रोप कसं तोंड देतं ते बघितलं. हे काम 2021 मध्ये छापून आलं. बुरशी मुळात बसते आणि पात अधिक नेटाने लढते. म्हणजे इथे ती स्वतः विष टाकून मारत नाही, झाडाच्या स्वतःच्या बचावाला आधीच सावध करून ठेवते.

“मग ते पुडीत कधी येणार?” तात्यांचा एकच प्रश्न. खरा प्रश्नही तोच.

त्यांच्या कांदा चाळीत मागच्या उन्हाळ्याचा माल अजून आहे, वरच्या पापुद्र्याला काजळी धरलेला. मला दालचिनीच्या झाडातली मस्कोडोर आठवली. होंडुरासहून आणलेली ही बुरशी स्ट्रोबेल यांच्याकडे बंद डब्यात इतर बुरश्यांबरोबर ठेवली होती. उरलेल्यांची वाढ थांबली आणि ही एकटी वाढत राहिली. ती हवेत वायू सोडते, त्यात अनेक रसायनं मिसळलेली असतात, आणि शेजारी न शिवताच मरतात. साठवणीतल्या फळांची सड रोखायला तिचा वापर करून बघितला गेला आहे. चाळीसाठी असं काही हवं. पण ते वायू चाळीत काम करणाऱ्या बाईच्या नाकातही जाणार, हे आधी तपासायला हवं.

13 ऑगस्ट

रस्त्याकडेच्या जुन्या झाडांवर रंगाने आकडे पडले आहेत. रुंदीकरण. वाहतूक बघता रस्ता हवाच आहे. मोशी ते चाकण दोन-दोन तास अडकलेल्या रुग्णवाहिका मी बघितल्या आहेत. पण ‘एकाच्या बदल्यात इतकी रोपं लावू’ या हिशेबाबद्दल आमच्या प्लेट काहीतरी सांगतात आणि ते मला लिहून ठेवायचं आहे.

मागच्या आठवड्यात मुलांनी कारखान्याच्या कुंपणालगत नव्याने लावलेल्या कडुनिंबाच्या रोपांची पानं आणली होती आणि त्याच दिवशी देवळामागच्या झाडाची. पद्धत तीच, माध्यम तेच. जुन्या झाडाच्या तुकड्यांतून जवळपास सगळीकडून तंतू आले. रोपांच्या बऱ्याच तुकड्यांतून काहीच नाही, आणि आलं तिथेही क्लॅडोस्पोरियम आणि अल्टरनेरिया, हवेत सगळीकडे असणाऱ्याच दोघी. क-7 एकदाही नाही. वर्गातल्या प्रयोगावरून मोठा निष्कर्ष काढणार नाही. पण कारण समजतं. जुन्या झाडाभोवती दुसरी जुनी झाडं असतात, खाली पाचोळा असतो, पाचोळ्यात बीजाणू असतात, आणि दर पावसाळ्यात नवी पानं त्याच पावसात भिजतात. रोप सिमेंटच्या कडेला एकटं उभं आहे, त्याच्यावर बीजाणू टाकणार कोण? झाड तोडताना त्याच्यासोबत जे जातं त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही.

21 ऑगस्ट, पुणे

क-7 घेऊन आघारकर संस्थेत गेले. 1946 मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली तेव्हा मालवणचे वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर तिचे संस्थापक संचालक होते, आणि आता संस्था त्यांच्या नावाने आहे. इथेच राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. देशभरातून मिळालेल्या बुरश्या इथे क्रमांक लावून जिवंत राखतात, कुणी खनिज तेलाखाली, कुणी गोठवून सुकवलेल्या कुपीत. शेजारी अजरेकर वनस्पतिसंग्रहात वाळवलेल्या पानांवरच्या बुरश्या.

माझ्या दृष्टीने सगळ्या कामाचा गाभा हाच. बुरशी सापडली, रिंगण दिसलं, शोधनिबंध लिहिला, विद्यार्थी पास होऊन गेला आणि फ्रिजमधली नळी वाळली, असं आपल्या महाविद्यालयांतून किती झालं असेल. छापलेल्या निबंधातून बुरशी पुन्हा उगवत नाही. वीस वर्षांनी कुणाला इब्रेक्साफंगर्पसारखी पुढची पायरी चढायची असेल तर त्याला नळीतला जिवंत तंतू लागतो. सोबत कोणत्या गावच्या कोणत्या झाडाच्या कोणत्या बाजूच्या फांदीवरची, ही नोंद लागते. फॉर्मवर ठिकाण लिहिताना ‘कुरुळी, तालुका खेड, जिल्हा पुणे’ असं लिहिलं. बीजाणू धरत नसल्यामुळे नाव ठरवायला जनुकाचा तुकडा वाचावा लागेल. तोवर क-7.

29 ऑगस्ट

क-7 चं रिंगण या खेपेला लहान आलं.

घाबरण्यासारखं नाही. प्लेटवरच्या साखरेत बसून बसून बुरशी हत्यार ठेवून देते. शेजारी नाही, स्पर्धा नाही, मग कशाला खर्च करायचा? जनुकं असतात, पण झोपलेली. त्यांना जागं करायचे उपाय आहेत. माध्यमात कडुनिंबाच्या पानाची पूड घालायची, किंवा शेजारी दुसरी बुरशी आणून बसवायची. आम्ही दोन्ही लावलं आहे. मुलांनी शेजारीण म्हणून त्याच पानातली नायग्रोस्पोरा निवडली, मला ते पटलं.

वरच्या खोलीतला मुलगा आता बरा आहे. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या आणि दीड महिना सोडायच्या नाहीत असं बजावलं. त्याच्या खोलीतल्या दोघांनाही पाठवलं, नाहीतर तो पुन्हा त्यांच्याकडून घेणार.

2 सप्टेंबर

ग्रामपंचायतीत अर्ज दिला. झाडं थांबवा असं त्यात लिहिलेलं नाही, ते माझ्या अर्जाने होणारं नाही. एवढंच मागितलं आहे की आकडे पडलेल्या प्रत्येक झाडाची पानं तोडणीआधी आमच्या मुलांना काढू द्यावीत, आणि पाचोळ्याची माती नव्या रोपांच्या आळ्यात टाकायला मिळावी. दुसऱ्या गोष्टीने किती फरक पडेल ते बघायचं आहे, आणि बघण्यासाठी काही रोपं माती न टाकता तशीच ठेवावी लागतील, हेही लिहिलं.

ग्रामसेवक म्हणाले, “मॅडम, पानंच ना? घ्या की.” मुलांना झाडं वाटून दिली. करंज, उंबर, दोन चिंचा, कडुनिंब, आणि फाट्याजवळचा वड. गणपतीची सुट्टी लागायच्या आत उरकायचं आहे. वडाची खालची फांदीसुद्धा हाताला येत नाही. तात्यांनी आंबे काढायची आकडी देतो म्हणून सांगितलंय, सकाळी सातला.